मेंबरसाहेबांची वाटणी

हो, काठीच बोलतेय मी. दचकू नका, कोणाच्या पाठीत बसणाऱ्यातली मी नाही. मी मापाची काठी. लांबी पाच हात पाच मुठी, त्यात बोटभरही इकडेतिकडे नाही. पोयनाडच्या पुढे धरमतरच्या खाडीला लागून पाणखार म्हणून एक वाडी आहे, तिथला बांध गेली सतरा वर्षं माझ्यानेच मोजला जातो. सतरा वर्षं मी गप्प राहिले, कारण मोजायचं आणि गप्प बसायचं एवढंच आमचं काम. पण आता माझ्याच्याने राहवत नाही. माझ्या अंगावर खाचा पाडून या माणसांनी मुंबईच्या कायदेमंडळात पाठवायचा माणूस निवडला, आणि त्यापायी एका बाईचं शेत समुद्राने गिळलं. माझ्या मनातली चीड कोणाजवळ तरी ओकायला हवी, म्हणून तुम्हाला थांबवलं.

माझा जन्म कनकेश्वराच्या डोंगराखाली मेसाच्या बेटात झाला. मेस म्हणजे भरीव बांबू. पाणखारच्या बांधाचा कारभारी बुधाजी सन बावीसच्या हिवाळ्यात तिथे आला, एकेका मेसाला टिचक्या मारत हिंडला आणि त्याने मला हेरलं. तोडलं मात्र लगेच नाही. कीड लागू नये म्हणून अमावास्येची वाट पाहिली. मग दीड महिना खाडीच्या चिखलात पुरलं, पुढे चुलीवरच्या माळ्यावर धुरात टांगलं. टोकं झिजून मी आखूड होऊ नये म्हणून लोहाराने दोन्हीकडे लोखंडी साम, म्हणजे टोपणासारखं कडं, बसवली. शेवटी वाघोबाच्या देवळाच्या जोत्यावर ज्या दोन जुन्या रेघा कोरलेल्या आहेत, त्यांच्यामध्ये मला आडवं घालून पाहिलं. मी बरोबर बसले. बुधाजीने नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

खारीतली शेती ज्यांनी पाहिली नसेल त्यांना थोडं सांगायला हवं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच असतं. मध्ये असतो तो चिखलाचा बांध. बांधात एका जागी लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं, भरतीला ती बंद ठेवायची. बांध फुटला की खारं पाणी आत येतं, आणि ते एकदा आलं की तीन पावसाळे त्या जमिनीत भाताचं रोप धरत नाही. पाणखारची एकवीस घरं या बांधाच्या जिवावर जेवतात.

म्हणून दर वर्षी मळणी आटोपली की बांधावरच बैठक बसते. ज्याची जेवढी जमीन, तेवढ्या काठ्या बांध त्याच्या वाटणीला. मला जमिनीवर टाकत टाकत बुधाजी पुढे जातो आणि वाटणी संपली की खुंटी ठोकतो. पावसाआधी ज्याने त्याने आपल्या वाटणीवर माती चढवायची. बैठकीत मला हातात धरून जो बोलेल, त्याचं बोलणं म्हणजे वचन. त्याच्या नावाने माझ्या अंगावर कोयत्याने खाच पडते, आणि काम पुरं झालं की ती खाच तासून सपाट केली जाते. लिहिता येणारं वाडीत कोणी नव्हतं, त्यामुळे दप्तर म्हणा, वही म्हणा, मीच होते.

या एवढ्या बांधात एक वाटणी कायम कच्ची. उघाडीला लागून असलेल्या आठ काठ्या रावसाहेबांच्या. हे रावसाहेब अलिबागला राहायचे. त्यांच्या पणजोबाने म्हणे हा बांध पहिल्यांदा घातला, म्हणून सरकारी साऱ्याशिवाय बिघ्यामागे एक मण भात त्यांच्या घरी जायचं. त्याला 'बांधाचा मण' म्हणत. त्या भातातून त्यांनी बांधाची डागडुजी करायची, असा करार. मण दर वर्षी बिनचूक जायचा. डागडुजीला मात्र दोन गडी यायचे, चार पाट्या माती टाकायचे आणि उघाडीच्या सावलीत विड्या ओढत बसायचे. अशा माणसाला सरकारने 'रावसाहेब' कशाबद्दल केलं, ते सरकारलाच ठाऊक.

या कच्च्या आठ काठ्यांच्या अगदी मागे राहीचं शेत. राही ही येसाजीची बायको. येसाजी एकतीस सालच्या तापात गेला, मूलबाळ नाही, जमीन राहीच्या नावावर चढली. त्या वर्षी बैठकीत शेजारणीने, सोनूबाईने, मायेने म्हटलं होतं, "राही, तुझे वाटनीवर आमी टाकू माती. तू एकटी बाय किती मरशील?"

राहीने मला हातात घेतलं. "माझा घर अजून हाय," ती म्हणाली. "माझे चौदा काठ्या मीच भरीन."

आणि तिने त्या भरल्या. डोक्यावर चिखलाची पाटी, कासोटा खोचलेला, ओहोटी लागली की ती बांधावर. त्या वर्षी बुधाजीने तिची खाच तासली तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. असं माणूस मोजायला मिळणं म्हणजे काठीचं नशीब.

मग सदतीस साल उजाडलं. त्याआधीही निवडणुका होत, पण आमच्या वाडीकडे कुत्रं फिरकत नसे, कारण मत फक्त मोठा सारा भरणाऱ्यांना. आता आठ रुपये सारा भरणाऱ्यालाही मत मिळालं. पाणखारात सात जणांची नावं यादीत आली, त्यात एक राही. नऊ रुपये सहा आणे सारा होता तिचा. बाईमाणसाला मत, याचं वाडीला काय हसू! पण राही हसली नाही. ती बुधाजीला म्हणाली, "बाबा, मत मागाला येतील त्यांना बांदावर बोलवा. घरान बसून कोनपन गोड बोलतो."

बुधाजीला ते पटलं. उमेदवार तीन होते. प्रत्येकाला बांधावर आणायचं, सारा, बांधाचा मण, दगडी बांध, दारूचं दुकान आणि मिठावरचा कर, असे पाच सवाल विचारायचे आणि 'हो' म्हणेल तिथे माझ्यावर खाच पाडायची, असं ठरलं. ज्याच्या खाचा जास्त, त्याला सातही मतं. किती साधा आणि सरळ हिशेब! मला तर तेव्हा वाटलं होतं, आपल्या आयुष्याचं सोनं झालं.

पहिले आले रावसाहेब. गाडीतून उतरलेच नाहीत. मला हातात घ्यायचं सांगितलं तेव्हा त्यांनी बुधाजीकडे असं पाहिलं की बिचारा मला घेऊन दोन पावलं मागे सरला. साऱ्याबद्दल ते म्हणाले, "सारा सरकारचा. मीही भरतो, तुम्हीही भरा." बांधाचा मण? "बापजाद्यांपासूनचा हक्क आहे तो." दारूचं दुकान? "त्या दुकानाच्या पैशावर पोयनाडची शाळा चालते, बंद करून काय मिळवाल?" दगडी बांध आणि मिठाचं ऐकायलाही ते थांबले नाहीत. एकही खाच पडली नाही. माणूस उर्मट खरा, पण फसवलं म्हणाल तर त्याने फसवलं नाही.

दुसरे रामचंद्र मास्तर. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले, अंगात विटका कोट, पायी चालत आलेले. बांधावर चढताना चप्पल चिखलात रुतली तर ती हातात घेतली. मला त्यांनी नीट दोन्ही हातांनी धरलं.

"सारा कमी करीन असं वचन मी देत नाही," मास्तर म्हणाले. "मुंबईत माझं एक मत. पावणेदोनशे माणसं तिथं बसणार. जे माझ्या एकट्याच्या हातात नाही, त्याची शपथ कशी घेऊ?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"दगडी बांधालाही आज हो म्हणत नाही, त्याला फार पैसा लागेल. दारू बंद व्हायला हवी, पण एकदम केली तर तेवढा पैसा दुसऱ्या कुठल्या तरी करातून येणार, आणि तो तुमच्याच मानेवर बसेल. मिठावरचा कर दिल्लीचा, तिथं माझा हात पोचत नाही. एक गोष्ट मात्र करीन. बांधाचा मण बांधावरच खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशेब दर वर्षी चावडीवर वाचला पाहिजे, असा कायदा मांडीन. तो मंजूर होईपर्यंत भांडेन."

बुधाजीने एक खाच पाडली, तीही मनाविरुद्ध. सोनूबाई मोठ्याने म्हणाली, "येवढा शिकलेला मानूस आनि सगल्याला न्हाय न्हाय!" हशा पिकला. मास्तरही हसले आणि चप्पल हातात घेऊन आले तसे निघून गेले.

तिसरे भास्करपंत वकील. काय सांगू त्यांची ऐट! पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, बरोबर चार माणसं. आल्याआल्या त्यांनी बांधावरची चिमूटभर माती कपाळाला लावली. तिथेच अर्धी वाडी विरघळली. मग मला त्यांनी एका हातात उंच धरलं आणि आवाज चढवला. सारा? निम्मा करू! बांधाचा मण? रद्द! दारूचं दुकान? वर्षाच्या आत बंद! मिठावरचा कर? समुद्र तुमचा, मीठ तुमचं, कर कसला? आणि बांध? चिखलाचा का म्हणून, दगडी बांधू! कोयता चालत होता आणि माझ्या अंगावरून काप उडत होते. पाच सवाल, पाच खाचा.

तेवढ्यात राही उठली. "वकीलसायेब, येक इचारू?"

"विचारा की ताई."

"सारा निम्मा कराल, दारूचा पैसा बंद कराल, मिठाचा कर काढाल. मंग दगडाचा बांद कोनचे पैशानी बांदाल?"

वकील हसले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? पाणखारच्या बायका हिशेब विचारतात! कोण म्हणतं आपला देश मागासलेला आहे?" टाळ्या पडल्या. राहीलाही लाजल्यासारखं झालं. उत्तर मिळालेलं नाही हे टाळ्यांच्या आवाजात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं, पण काठीचं ऐकतो कोण!

त्या टाळ्यांच्या भरात वकिलांना आणखी स्फुरण चढलं. उघाडीकडे हात करून ते म्हणाले, "ही कच्ची जागा पाहून माझं काळीज तुटतं. आजपासून या आठ काठ्या माझी वाटणी समजा. मी तुमच्यातलाच एक आहे!"

भाषणात असं बोलायची पद्धत असते म्हणे. तिकडे अलिबागला, पनवेलला लोक असं ऐकतात, टाळ्या देतात आणि घरी जातात. पण पाणखारच्या माणसांना भाषण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना बैठक माहीत होती. मला हातात धरून माणूस बोलला, वाटणी घेतो म्हणाला, म्हणजे घेतली. बुधाजीने तिथल्या तिथे मला आठ वेळा जमिनीवर टाकलं, खुंटी ठोकली आणि सहावी खाच पाडली. वकिलांना तो कौतुकाचा प्रकार वाटला. खुंटीवर हात ठेवून ते हसले आणि गाडीत बसले.

त्या संध्याकाळी बुधाजीने खाचा मोजून दाखवल्या. वकील सहा, मास्तर एक, रावसाहेब शून्य. राही माझ्या अंगावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसली होती. "बाबा, त्यांनी पैशाचा सांगला न्हाय," ती म्हणाली.

"पोरी, काठी खोटा बोलंल काय?" बुधाजी म्हणाला.

या वाक्यावर तिने बोट काढून घेतलं. तिचा वकिलांवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. मी मोजलं होतं तेही खोटं नव्हतं, सहा म्हणजे सहाच. पण माझ्यावर 'हो'ची खाच पडत होती. 'कुठून' आणि 'कधी' यांना खाच नव्हती. सातही मतं वकिलांना पडली. राही पोयनाडपर्यंत चालत गेली, मत देऊन आली आणि दुपारी पुन्हा आपल्या वाटणीवर माती टाकायला लागली.

वकील निवडून आले, मेंबरसाहेब झाले. रावसाहेब हरले, पण त्यांना हरल्याचं दुःख झालं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या गड्यांना सांगून टाकलं, की ती वाटणी आता मेंबरसाहेबांनी घेतली आहे, आपण माती टाकायचं कारण नाही. बांधाचा मण मात्र त्यांनी सोडला नाही. तो पूर्वीसारखाच अलिबागला पोचत राहिला. काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

फाल्गुन गेला, चैत्र गेला. एकवीस घरांच्या वाटण्या भरत आल्या, माझ्या अंगावरच्या खाचा एकेक करून तासल्या गेल्या. वकिलांच्या सहा तशाच. राही मास्तरांकडे गेली. आपल्याला मत न देणाऱ्या बाईसाठी मास्तरांनी मेंबरसाहेबांना एकामागून एक तीन पत्रं लिहून दिली. वैशाखात उत्तर आलं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं: 'आपल्या भागाच्या प्रश्नांकडे माझं लक्ष आहे.' खाली सही, तीही कारकुनाची.

तुम्ही म्हणाल, मग वाडीने स्वतः का नाही भरल्या त्या आठ काठ्या? आठ दिवसांचं काम! इथेच तर माझं डोकं फिरतं. पाणखारात दुसऱ्याच्या वाटणीवर कोणी मूठभर माती टाकत नाही. टाकली तर त्याचा अर्थ, ते घर मेलं. घर निर्वंश झालं की वाडी डोकी उघडी करून त्याच्या वाटणीवर माती टाकते आणि ती वाटणी सगळ्यांत वाटून घेते. जिवंत माणसाच्या वाटणीवर माती टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचं मरण बोलणं. राहीने विधवा झाल्यावर सोनूबाईचा हात का नाकारला, ते आता तुम्हाला कळलं असेल.

ज्येष्ठात, पावसाची चिन्हं दिसू लागल्यावर, बैठक बसली. राही म्हणाली, "आता वाट बघाची येल न्हाय. टाकू माती."

बुधाजी कानावर हात ठेवून म्हणाला, "मेंबरांच्या वाटनीवर? येवढा मोटा मानूस, आपले मतान निवडून दिला, आनि त्याचा घर मेला असा बोलू? उद्या त्यांनी मनावर घेतला तर निम्मा सारा व्हयाचा तोपन न्हाय व्हनार."

ज्याने शब्द दिला त्याला मान जपायचं सुचलं नाही. ज्यांना शब्द दिला ती माणसं मात्र त्याच्या मानाला जपत बसली. राहीने दोनदा पाटी उचलली आणि दोनदा खाली ठेवली. वाडीला सोडून तिला तरी कुठे राहायचं होतं? माझ्यात जीव असता तर मी त्या दिवशी बुधाजीच्या हातून निसटून खाडीत उडी घेतली असती.

आषाढाच्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. वरून पाऊस, समोरून वारा. राही लावणी करत होती. उघाडीजवळ आधी नुसतं पाझरलं, मग गाडीच्या चाकाएवढं भोक पडलं, आणि बघता बघता आठच्या आठ काठ्या गेल्या. दोन्ही बाजूंच्या वाटण्या उभ्या राहिल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत फक्त मेंबरसाहेबांची तेवढी वाहून गेली. राही रोपांच्या मुठी छातीशी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. बुधाजीने आणि सोनूबाईने तिला ओढून काढलं. लावणी अर्धीच झाली म्हणून ती सुटायला बघत ओरडत होती, "सोरा मना! अजून लावलीच कवरी हाय!"

वाडीने त्या रात्रंदिवसाच्या पावसात जे केलं, तेही सांगायलाच हवं. सगळ्यांची शेतं वाचवायला त्यांनी राहीच्या शेताच्या आतल्या बाजूने नवा बांध घातला. राहीचं शेत बाहेर राहिलं, खाडीच्या ताब्यात. नव्या बांधाची मोजणी माझ्यानेच झाली. माझं दुसरं टोक कोणी धरलं होतं? राहीने. तिने धरलं, कारण तिच्याशिवाय इतकं सरळ कोणाला धरता येत नव्हतं. वीस घरं वाचली आणि कोणी तिच्या तोंडाकडे बघेना.

हिवाळ्यात सरकारी माणूस पाहणीला आला. भरतीचं पाणी येतं, पीक नाही, म्हणून त्याने ती जमीन पड लिहिली आणि सारा माफ केला. सोनूबाई म्हणाली, "चला, सारा तरी सुटला." राही मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायला जाऊ लागली. टाचांच्या भेगांत मीठ जाऊन पाय सुजायचे, तरी रोज ओहोटीला ती त्या फुटक्या जागेशी येऊन उभी राहायची. ती भरल्याशिवाय शेत परत मिळणार नव्हतं. आणि ती जागा कोणाची? मेंबरसाहेबांची. वाडी अजून वाट पाहत होती.

परवाच्या माघात, म्हणजे एकोणचाळीस साली, ते आले. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला त्यांचा पुतण्या उभा होता. पुन्हा बांधावर सभा. उपरणं तेच, कपाळाला माती तशीच. बुधाजीने मला पुढे केलं, तर मेंबरसाहेब म्हणाले, "वा, ही तीच का ती काठी?" आणि सहा खाचांवर त्यांचं बोट पडलं, पण त्या कसल्या हे त्यांना आठवलं नाही.

राही पुढे झाली. "सायेब, तुमची वाटनी फुटली. माझा शेत गेला."

मेंबरसाहेबांनी शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेलं, काहीतरी विचारलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "ताई, तुमचा सारा किती आहे आता?"

"काय न्हाय. माफ जाला."

"ऐकलंत?" ते सभेकडे वळले. "मी निम्मा करीन म्हणालो होतो. या ताईंचा पुरता माफ झाला! आमचं राज्य आलं म्हणून हे झालं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्राने जमीन खाल्ली, आणि त्याचंही श्रेय यांना हवं! पुतण्याने टाळ्या सुरू केल्या. मग मेंबरसाहेबांनी कारकुनाला खूण केली, "यांचं नाव लिहून घ्या, मत कुठं पडतं ते बघा." कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. सारा नाही, म्हणून नाव नाही. यादीतून ते केव्हाच गळलं होतं. "यांना मत नाही, साहेब," तो म्हणाला.

"असं का?" मेंबरसाहेब म्हणाले, आणि राहीशी बोलणं तिथेच सोडून बुधाजीकडे वळले. त्यात राग नव्हता, मुद्दाम केलेला अपमानही नव्हता. मत नाही, म्हणून समोर माणूसच नाही, एवढं सोपं होतं ते. बुधाजीने ते पाहिलं. सोनूबाईने पाहिलं. दोन वर्षं जी माणसं मान जपत होती, त्या सगळ्यांनी पाहिलं.

राहीने चिखलाची पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि ती फुटक्या जागेशी गेली. खुंटी ओलांडली. मेंबरसाहेबांच्या वाटणीवर तिने ती पाटी ओतली.

मग बुधाजीने डोक्यावरचं मुंडासं काढलं. सोनूबाईच्या नवऱ्याने टोपी काढली. एकेक डोकं उघडं होत गेलं, आणि एकेक माणूस पाटी भरून त्या जागी ओतू लागला. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या, मग त्याही खाली उतरल्या.

मेंबरसाहेब हे बघून गहिवरले. पुतण्याला म्हणाले, "बघ, लोक स्वतः कामाला लागले! शिवाय टोप्या काढून, किती तो आदर!" आणि ते टाळ्या वाजवू लागले. त्यांच्याच घरावर वाडी माती टाकत होती आणि ते टाळ्या वाजवत होते. गाडी निघेपर्यंत वाजवत होते.

त्या आठ काठ्या आता एकवीस घरांत वाटल्या आहेत. जागा बुजली आहे, पण राहीच्या जमिनीतलं मीठ निघायला अजून तीन पावसाळे लागतील, आणि नाव यादीत यायचं तर आधी सारा भरावा लागेल. बुधाजीने सहाही खाचा तासून काढल्या. तिथे मी आता बरीच बारीक झाले आहे. त्याने मला राहीच्या घरी आणून ठेवलं, म्हणाला, "यापुढं तू मोज."

तुमच्याकडेही कोणी येईल. सारा कमी करीन म्हणेल, बांध बांधीन म्हणेल. त्याला पैसा कुठून आणणार ते विचारा, माती कोणत्या महिन्यात पडणार ते विचारा, आणि टाळ्या पडल्या तरी उत्तर येईपर्यंत खाली बसू नका. 'नाही' म्हणणारा माणूस चप्पल हातात घेऊन निघाला, तर हसण्याआधी त्याला हाक मारा. आणि पुन्हा माझ्या अंगावर माणसं मोजू नका. मला चिखल मोजू द्या. तो जिथे टाकला तिथे निदान दुसऱ्या दिवशी सापडतो.